विश्लेषण : शिफारस एका प्रांताची, मुक्काम दुसऱ्याच प्रांतात?

मॅनिटोबाच्या शिफारशीवर कॅनडाचा कायमस्वरूपी निवास अर्थात 'पीआर' मिळवायचा आणि काही दिवसांत टोरांटो गाठायचे, ही तक्रार तिथे नवी नाही. ज्या प्रांताने बोलावले, तिथेच राहण्याची सक्ती असावी का? कॅनडाचा विचार करणाऱ्या मराठी तरुणांनी या प्रश्नाच्या दोन्ही बाजू समजून घ्यायला हव्यात.

प्रांतिक शिफारस म्हणजे काय?

स्थलांतरितांचा ओढा टोरांटो, व्हँकूव्हरकडे असतो. इतर प्रांतांनाही मनुष्यबळ मिळावे म्हणून १९९८ पासून 'प्रोव्हिन्शियल नॉमिनी प्रोग्रॅम' राबवला जातो. क्युबेकची व्यवस्था वेगळी आहे. 'एक्स्प्रेस एण्ट्री'त प्रांताची शिफारस मिळाली की ६०० गुण वाढतात आणि निवड जवळपास निश्चित होते.

प्रांत सोडता येतो का?

येतो. कॅनडाच्या १९८२ च्या हक्कांच्या सनदेतील कलम ६ नुसार नागरिकांप्रमाणेच पीआरधारकांनाही कोणत्याही प्रांतात राहण्याचा व काम करण्याचा हक्क आहे. मात्र, अर्ज करताना त्या प्रांतात राहण्याचा खरा इरादा असणे बंधनकारक आहे. तो मुळातच नव्हता असे सिद्ध झाल्यास ती दिशाभूल ठरते. त्यात पीआर जाऊ शकतो आणि पाच वर्षे प्रवेशबंदी होऊ शकते.

प्रांतांचा आक्षेप काय?

शिफारशींचा कोटा मर्यादित असतो. या कार्यक्रमाचे राष्ट्रीय लक्ष्य २०२४ मध्ये १ लाख १० हजार होते, २०२५ साठी ते ५५ हजारांवर आणले गेले. निघून गेलेल्या माणसाची जागा परत मिळत नाही. रुग्णालयातील रिक्त पद रिक्तच राहते. प्रिन्स एडवर्ड आयलंडने उद्योजकांकडून मोठी अनामत घेऊन पाहिली. अनेकांनी तिच्यावर पाणी सोडले, पण बेट सोडले. अखेर २०१८ मध्ये ती योजना गुंडाळण्यात आली.

स्थलांतरितांची बाजू कोणती?

नोकरी जाते, जोडीदाराला काम मिळत नाही, मुलांच्या शिक्षणाचा प्रश्न येतो. परिचारिका, डॉक्टर, अभियंता यांचे व्यवसाय-परवाने प्रांतच देतात. प्रांताने बोलवायचे आणि परवान्यासाठी ताटकळत ठेवायचे, तर माणूस टिकणार कसा?

ऑस्ट्रेलियाने काय केले?

तिथे नोव्हेंबर २०१९ पासून '४९१' व्हिसा आहे. तो पाच वर्षांचा, तात्पुरता असतो. किमान तीन वर्षे 'प्रादेशिक' भागात राहून काम केल्यावरच कायमस्वरूपी निवासासाठी अर्ज करता येतो. सिडनी, मेलबर्न, ब्रिस्बेन वगळता बहुतेक देश 'प्रादेशिक' मानला जातो, पर्थ, अ‍ॅडलेडसुद्धा. अट मोडल्यास व्हिसा रद्द होऊ शकतो. म्हणजे बंधन आहे, पण हक्क देण्याआधी. कॅनडात हक्क आधी मिळतो, म्हणून नंतर बांधून ठेवता येत नाही.

मग सक्ती हवी का?

पीआर दिल्यानंतर सक्ती केली, तर दुय्यम दर्जाचे रहिवासी तयार होतील. त्यापेक्षा निवड नीट करणे सोपे. अटलांटिक प्रांतांसाठी २०१७ मध्ये प्रयोग म्हणून सुरू झालेली आणि २०२२ मध्ये कायम झालेली योजना याच वाटेने जाते : आधी मान्यताप्राप्त मालकाची नोकरी, सोबत कुटुंबाच्या स्थिरावण्याचा आराखडा. अर्जदारांनीही केवळ ६०० गुणांकडे पाहू नये. त्या प्रांतात आपल्या कामाला मागणी आहे का, परवाना कधी मिळेल, हे आधी तपासावे. तिथे गेल्यावर नोकरी आणि घर शोधल्याचे पुरावे जपून ठेवावेत. पुढे प्रांत सोडावा लागलाच, तर इरादा खरा होता हे दाखवायला तेच उपयोगी पडतात.