मॉरिशस : खरे जेवण कोठे मिळते?

समुद्रकाठच्या आलिशान हॉटेलांत पाश्चात्य पक्वान्नांची रेलचेल असली, तरी मॉरिशसच्या अन्नाचा खरा मुक्काम राजधानी पोर्ट लुईच्या मध्यवर्ती बाजारात आहे. आणि ज्या बंदरात 1834 पासून हिंदुस्थानातील करारबद्ध मजूर, त्यांत आपले कोकणातले मराठी लोकही, उतरले, त्या बंदरावरील आप्रवासी घाट (2006 पासून जागतिक वारसास्थळ) येथून पायी जाण्याजोगा असल्याने प्रथम घाट पाहावा, मग बाजारात शिरावे, हाच क्रम मला योग्य वाटतो.

येथील मुख्य जिन्नस दालपुरी, तेथील उच्चाराप्रमाणे ‘धोल पुरी’. वाटाण्याची पिवळी डाळ शिजवून, कोरडी वाटून, हळद-जिऱ्यासह मैद्याच्या पातळ पोळीत भरतात आणि तव्यावर भाजतात. जोडीनेच विकल्या जाणाऱ्या या पोळ्यांत पावट्यासारख्या मोठ्या दाण्यांची उसळ, टोमॅटोची ‘रुगाय’ आणि मिरचीची चटणी घालून गुंडाळी हाती देतात. गूळ वगळलेल्या पुरणपोळीची आठवण मराठी माणसाला पहिल्याच घासाला येते. तिकडे मंगल प्रसंगी हीच पोळी खिरीबरोबर वाढण्याचा रिवाज आहे.

सकाळी लोणी लावलेल्या पावात डाळीची मिरचीवडी, ‘गातो पिमाँ’, खावी. उन्हे चढल्यावर सब्जा व अगर-अगर घातलेले थंडगार दूध, ‘अलुदा’, प्यावे. तळलेल्या शेवयांसाठी शेजारचा चिनी मोहल्ला उत्तम. सोमवारी आग्नेय किनाऱ्यावर असाल, तर माहेबूरचा आठवडी बाजार चुकवू नये.