मूळ दप्तर आणि त्याची नक्कल

एखादी भाषा आपल्याला काय करू देत नाही, ह्यावरूनही तिचा स्वभाव कळतो. संख्याशास्त्रज्ञांच्या नित्य वापरातली ‘आर’ ही संगणकभाषा पाहा. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९७६ साली आरंभ झालेल्या ‘एस’ भाषेच्या वळणावर, ऑकलंड विद्यापीठातील रॉस इहाका व रॉबर्ट जंटलमन ह्यांनी ती रचली.

ठरलेले काम करून देणाऱ्या आज्ञांच्या गटाला फलन म्हणतात. समजा, तीन दिवसांच्या पावसाचे १२, ७, ३० हे आकडे आपण एका फलनाच्या हवाली केले आणि त्याने मधल्या ७ च्या जागी ० लिहिले. फलनाच्या आत यादी १२, ०, ३० अशी होते. बाहेर मात्र ७ जागच्या जागी असतो! पायथन भाषेत अशीच यादी दिली, तर मूळ यादीच बदलते.

असे का व्हावे? आपल्या कचेऱ्यांतील रीत आठवावी. दप्तर नुसते वाचायचे असेल तर मूळ कागद दाखवतात. त्यावर खूण करायची असेल तर नक्कल घ्यावी लागते. ‘आर’ही हेच करते. वाचेपर्यंत यादी एकच. पहिला फेरफार होताच नक्कल निघते. पुढचे फेरफार बहुधा त्या नकलेवरच होतात. एका यादीला किती नावे चिकटली आहेत, ह्याची मोजदाद २०२० च्या ४.०.० आवृत्तीपासून अधिक काटेकोरपणे ठेवली जाते; नाव एकच असेल तर नक्कल सहसा टळते.

ह्या सावधगिरीची किंमत पडते. एक कोटी दशांश संख्यांना आठ कोटी बाइट स्मृती लागते. नक्कल निघाली की तेवढीच आणखी. म्हणून काही वाटा मोकळ्या ठेवल्या आहेत. ‘एन्व्हायर्नमेंट’ नावाची वस्तू फलनाला दिली, तर तिच्यातला बदल बाहेरही दिसतो. ‘डेटा.टेबल’ हा जोडसंच तर मोठी कोष्टके जागच्या जागी बदलण्यासाठी प्रसिद्ध आहे.

एरवी मार्ग सरळ आहे : फलनाने बदललेली यादी परत करावी आणि आपण ती जुन्या नावावर स्वहस्ते लिहावी. ह्यात एक ओळ जास्त खर्ची पडते. पण आकडा कोठे बदलला, हे त्या ओळीवर बोट ठेवून दाखवता येते. ज्या आकड्यांवरून औषधाचा गुण ठरतो, पिकाचा अंदाज निघतो, ते कोणाच्या नकळत बदलू नयेत, ह्यासाठी एवढा खर्च अवाजवी म्हणता येणार नाही.