दोन गटांतील फरक : खरा की योगायोगाचा?

येरमाळा व आसपासच्या गावांतून दिवाळीच्या सुमारास पुष्कळ कुटुंबे ऊसतोडीस जातात. त्यांची काही मुले हंगामी वसतिगृहात राहून शिकतात. काही आईबापांबरोबर फडावर जातात. येडेश्वरीच्या चैत्री यात्रेच्या सुमारास ती पुन्हा वर्गात दिसू लागली, की शिक्षक वाचन तपासतात व म्हणतात, "राहिलेली मुले पुढे गेली." परंतु हा फरक केवळ योगायोगाचा नसेल कशावरून? याचा निर्णय करण्यास 'काय-वर्ग कसोटी' उपयोगी पडते. कार्ल पिअर्सन या इंग्रज संख्याशास्त्रज्ञाने ती १९०० साली मांडली.

रीत समजावी म्हणून कल्पित आकडे घेऊ. वसतिगृहातील ६० मुलांपैकी ४८ मुलांस उतारा वाचता आला, १२ जणांस आला नाही. फडावर गेलेल्या ४० पैकी २४ जणांस आला, १६ जणांस नाही. म्हणजे एकूण १०० मुलांत वाचणारी ७२ व न वाचणारी २८ झाली.

आता असे धरा की, राहण्याने वा जाण्याने काहीच फरक पडत नाही. तसे असते तर वसतिगृहात वाचणारी किती मिळाली असती? गटाची बेरीज ६० गुणिले वाचणाऱ्यांची बेरीज ७२, भागिले १००, उत्तर ४३.२. याच रीतीने उरलेल्या तीन घरांतील अपेक्षित संख्या १६.८, २८.८ व ११.२ येतात. प्रत्येक घरात प्रत्यक्ष व अपेक्षित संख्यांतील अंतर ४.८ आहे. त्याचा वर्ग २३.०४. त्यास त्या त्या अपेक्षित संख्येने भागून चारही भागाकारांची बेरीज करावी. ती सुमारे ४.७६ भरते.

चार घरांच्या कोष्टकासाठी ३.८४ ही मर्यादा मानतात. खरोखर फरक नसता, तर याहून मोठी बेरीज योगायोगाने शंभरात सुमारे पाचच वेळा आली असती. आपली बेरीज अधिक असल्याने फरक निव्वळ योगायोगाचा मानणे कठीण आहे. पिअर्सन यांनी अशा कोष्टकास लावलेला हिशेब रोनाल्ड फिशर यांनी १९२२ मध्ये दुरुस्त केला : बेरजा ठरलेल्या असता एका घराची संख्या कळताच उरलेली तीन आपोआप ठरतात.

येथे तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, कसोटीस शेकडेवारी नव्हे, मुलांची प्रत्यक्ष संख्या लावावी. वरील सर्व आकडे निम्मे केले, तर शेकडेवारी तीच राहते, पण बेरीज २.३८ होते व निष्कर्ष टिकत नाही. दुसरी, एक मूल एकदाच मोजावे, आणि एखाद्या घरातील अपेक्षित संख्या पाचाहून कमी असल्यास या कसोटीवर विसंबू नये. अशा लहान शाळांनी केंद्रातील शाळांचे आकडे एकत्र करावेत. तिसरी व सर्वांत महत्त्वाची : कसोटी फरक दाखविते, कारण सांगत नाही. राहिलेल्या मुलांची वाचनाची तयारी मुळातच अधिक असू शकेल. म्हणून दिवाळीपूर्वीही वाचन तपासून नोंद ठेवावी.

शिक्षकबंधुभगिनींनो, वसतिगृह चालवावे की नाही, हे पुष्कळदा आपल्या अहवालावरून ठरते. तो अहवाल अजमासावर न बेतता मोजणीवर उभा करावा, हे त्या मुलांचे आपणावरील ऋण आहे.