सरमेची फिर्याद

महाभारताच्या आरंभीच, आदिपर्वातील पौष्य उपपर्वात, एक लहानशी हकीकत आली आहे, जिच्याकडे पुढील महायुद्धाच्या गदारोळात वाचकाचे सहसा लक्ष जात नाही. जनमेजय राजा कुरुक्षेत्री दीर्घसत्र करीत असता देवशुनी सरमा हिचे पिल्लू यज्ञभूमीत आले. त्याने हविर्द्रव्यास तोंड लावले नव्हते, त्याकडे पाहिलेही नव्हते. तरी राजाच्या भावांनी त्यास मारून पिटाळले, आणि ते रडत आईकडे गेले तेव्हा सरमा सरळ सत्रमंडपात येऊन आपल्या निरपराध पुत्रास का मारले, असा जाब विचारती झाली. उत्तर कोणीच दिले नाही. तेव्हा तिने शाप दिला, आणि त्या शापाने राजा इतका धास्तावला की शापशमनासाठी योग्य पुरोहित शोधीत तो हिंडू लागला. श्वानजातीने राजद्वारी गुदरलेली ही बहुधा पहिलीच फिर्याद.

आज सरकारी चाकरीत असलेल्या श्वानांच्या पाठीशी अशी सरमा नाही. त्यांची नेमणूक होते, शिधा मंजूर होतो, प्रसंगी पदकही मिळते. परंतु आपले दुखणे सांगण्यास त्यांना वाचा नाही, आणि रजेचा अर्ज करण्याची सोयही नाही. म्हणून त्यांची शुश्रूषा ही वैद्यकाची शाखा होण्याआधी लक्ष ठेवण्याची विद्या आहे.

तळेगाव दाभाड्याहून चाकणकडे जाणाऱ्या रस्त्याने, दुतर्फा कारखान्यांच्या भिंती आणि मालमोटारींच्या रांगा मागे टाकीत गेले असता, इंदोरीच्या पुढे सुदुंबरे गावाचा परिसर लागतो. तुकोबांच्या अभंगांचे लेखनिक संताजी जगनाडे यांची समाधी या गावी आहे, आणि राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या पाचव्या बटालियनचे ठाणेही येथेच आहे. दरड कोसळली किंवा इमारत ढासळली म्हणजे ढिगाऱ्याखालचा जिवंत माणूस वासावरून हुडकणारे श्वान हे या दलाचे एक अंग होय. भोवतालचा मुलूखही गणवेशाला परका नाही. तळेगावी केंद्रीय राखीव पोलीस दलाचे केंद्र, देहूरोडला लष्करी छावणी, दापोडीस लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालय; शिवाय १५ ऑगस्ट २०१८ पासून पिंपरी-चिंचवडचे स्वतंत्र पोलीस आयुक्तालय, ज्याच्या हद्दीत चाकणचे कारखाने येतात आणि देहू-आळंदीही येतात. जेथे एका बाजूस हजारो कामगारांच्या पाळ्या बदलतात आणि दुसऱ्या बाजूस ज्येष्ठात पालख्यांसाठी लाखोंचा समुदाय लोटतो, तेथे बॉम्बशोधक श्वानाचे नाक ही बंदोबस्तातील चैन राहत नाही, ती गरज होते.

लष्करी श्वानांचे मूळपीठ मात्र मेरठला आहे. आपला उगम १७७९ पर्यंत मागे नेणारे रिमाउंट अँड व्हेटर्नरी कोअर हे सैन्यदलातील पशुखाते तेथे असून, श्वानांचे प्रशिक्षण विद्यालय तेथे १ मार्च १९६० रोजी सुरू झाले. पूर्वी या खात्याचा सारा व्याप घोड्या-खेचरांचा होता, आणि शालिहोत्राच्या नावावरून अश्ववैद्यास शालिहोत्री म्हणण्याचा आपला प्रघातही त्याच जगातला. पागेतून आलेला 'बडदास्त' हा शब्द येथे मला औषधोपचारापेक्षा अधिक समर्पक वाटतो, कारण त्यात चारा, पाणी, खरारा, विश्रांती आणि मायेचा हात हे सारे एकत्र येते. लॅब्रेडॉर, जर्मन शेफर्ड आणि बेल्जियन मॅलिनॉइ या विलायती जातींच्या पंक्तीस २०१६ मध्ये मेरठला मुधोळचे शिकारी श्वानही प्रशिक्षणासाठी नेण्यात आले. मुधोळच्या घोरपडे राजांनी ज्यांची जोपासना केली आणि आपल्याकडे ज्यांना कारवानी म्हणतात, तेच हे लांब पायांचे, सडसडीत श्वान.

बडदास्तीचे पहिले प्रकरण उष्णतेचे. माणसाच्या नाकात गंधग्राही पेशी सुमारे पन्नास-साठ लाख, तर श्वानाच्या नाकात वीस कोटींहून अधिक मानल्या जातात. परंतु निसर्गाने हे नाक देताना घामाचे दान जवळजवळ नाकारले. पंजाच्या गाद्यांखेरीज त्यास घाम येत नाही. अंगातील उष्णता त्याला जिभेवाटे, धापा टाकूनच बाहेर काढावी लागते. धापा टाकणारे श्वान नीट हुंगू शकत नाही, म्हणून वैशाखातील दुपारी चाकणच्या डांबरी वाहनतळावर काम करून तापलेले श्वान आधी आपली विद्या गमावते आणि नंतर प्राण. त्याचे स्वाभाविक तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट; ते १०६ च्या पुढे गेले म्हणजे मेंदू, यकृत, मूत्रपिंडे आणि रक्त गोठण्याची क्रिया ही सारी संकटात येतात. अशा वेळी दवाखान्याकडे धाव घेण्याच्या घाईत मोलाची मिनिटे जाऊ द्यावयाची नसतात. श्वानास सावलीत घेऊन सर्वांगावर पाणी ओतावे, वारा घालावा आणि मग गाडी काढावी. डांबर किती तापले आहे हे पाहण्याची रीत अगदी साधी आहे: आपला उघडा तळहात जेथे काही क्षणही ठेववत नाही, तेथे त्याचा पंजा ठेवू नये.

पाऊस पडला की शत्रू बदलतो. मावळातील ओल्या गवतातून गोचीड अंगावर चढते, आणि तिच्या चाव्यातून रक्तपेशींत शिरणारे एर्लिकिया व बाबेसिया यांसारखे सूक्ष्म जीव धष्टपुष्ट जनावरास खंगवून टाकतात. हिरड्या फिक्या पडणे, ताटलीतील अन्न उरणे, क्वचित नाकातून रक्त येणे, एवढ्याच काय त्या खुणा. त्या वेळीच ध्यानी आल्या तर औषधाने बहुधा गुण येतो, आणि हुकल्या तर दुखणे हाडीमांसी खिळते. जर्मन शेफर्डसारख्या रुंद छातीच्या जातींत आणखी एक घातक प्रकार असतो: जठर वायूने फुगून स्वतःभोवतीच पिळवटते, आणि काही तासांच्या आत शस्त्रक्रिया न झाल्यास श्वान दगावते. अमेरिकी सैन्यात यावर उपाय म्हणून जठर आधीच पोटाच्या भित्तीस टाके घालून बांधून ठेवण्याची पद्धत आहे. खाणे आणि धावणे यांत पुरेसे अंतर राखण्याचा पथकांतील शिरस्ता हा खबरदारीचाच भाग.

रणांगणावरील जखमांची गोष्ट याहून बिकट. येथे पहिला नियम ऐकणाऱ्यास निष्ठुर वाटेल: घायाळ श्वानास हात लावण्याआधी, श्वासास अडथळा नसल्याची खात्री करून, त्याच्या तोंडाला मुसके बांधावे, कारण वेदनेने भ्रमिष्ट झालेला जीव ज्याच्या हातचे रोज खातो त्यालाही चावतो, आणि जखमी हँडलर म्हणजे दुसरा रुग्ण. ऑक्टोबर २०२२ मध्ये काश्मीरच्या अनंतनाग जिल्ह्यात दोन गोळ्या लागूनही आपले काम न सोडणारा 'झूम' श्रीनगरच्या लष्करी पशुरुग्णालयात आणला गेला. शस्त्रक्रिया झाली, आशाही वाटली, परंतु १३ ऑक्टोबरला त्याने प्राण सोडला. आणि जखम दर वेळी कातडीवर दिसतेच असे नाही. टेक्ससमधील लॅकलंड येथील अमेरिकी लष्करी पशुवैद्यांनी २०११ च्या सुमारास असे नोंदविले, की युद्धभूमीवर पाठविलेल्या श्वानांपैकी शेकडा सुमारे ५ जण परतल्यावर आवाजाने दचकतात, वाहनात चढण्यास नकार देतात किंवा सोबत्याला बिलगून बसतात. पूर्वीचा जमादार ज्याला हट्ट म्हणाला असता, त्याला आता आघात म्हणतात, आणि विश्रांती, औषधे, सौम्य पुनःशिक्षण किंवा कामातील बदल यांनी त्याचा इलाज केला जातो.

उपचाराचा शेवटचा अध्याय निवृत्तीचा. पुण्याच्या शिवाजीनगर येथील गुन्हे अन्वेषण विभागाच्या केंद्रात शिकून १९९२ अखेर मुंबईच्या बॉम्बशोधक पथकात रुजू झालेला लॅब्रेडॉर 'झंजीर' पुढील वर्षीच्या बॉम्बस्फोटांनंतर घराघरांत ठाऊक झाला. ३,३२९ किलो आरडीएक्स हुडकल्याचे श्रेय त्याच्या नावे नोंदले आहे. १६ नोव्हेंबर २००० रोजी, वयाच्या नवव्या वर्षात, हाडाच्या कर्करोगाने तो परळच्या पशुरुग्णालयात वारला आणि त्यास सन्मानाने निरोप देण्यात आला. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात राबलेले मॅक्स, सुलतान, टायगर आणि सीझर हे चौघे निवृत्तीनंतर विरारच्या एका शेतघरी एकत्र राहिले, आणि २०१६ या एकाच वर्षात एकामागून एक गेले. त्यांना उतारवयाची ऊब लाभली. सैन्यातील श्वानांच्या नशिबी मात्र ती फार काळ नव्हती. निकामी ठरलेल्या लष्करी श्वानास सुईने सुखमरण देण्याचा शिरस्ता होता, आणि २०१५ मध्ये माहितीच्या अधिकारातील एका अर्जामुळे तो चव्हाट्यावर आला तेव्हा लोक हळहळले, न्यायालयात प्रश्न उपस्थित झाला, आणि सरकारला धोरण बदलण्याची ग्वाही द्यावी लागली. आता निवृत्त श्वान दत्तक दिले जातात. 'यांना का मारता?' हा सरमेचाच प्रश्न तेव्हा विचारला गेला. या वेळी तो माणसांनी, साध्या कागदावर विचारला, आणि उत्तर मिळाले.

परंतु असे अर्ज विरळा, आणि दुखणी रोजची. संध्याकाळी काम संपल्यावर हँडलर खरारा करतो, कानात डोकावतो, हिरडी वर करून तिचा रंग पाहतो, आणि शेवटी प्रत्येक पंजा हातात घेऊन बोटांच्या बेचक्यांत गोचीड, काटा, काच यांपैकी काही रुतले आहे की काय ते चाचपतो. कळवळण्याआधी श्वान नुसता पाय मागे घेते. तेवढीच त्याची फिर्याद, आणि ती ज्याने त्याच घटकेस दाखल करून घेतली, त्याच्या पथकातील पशुवैद्याचे निम्मे काम तेथेच झालेले असते.