चार शर्यती, एक विजेता : सायकलच्या ‘ओम्नियम’ची कहाणी

सायकलची शर्यत म्हणजे जो आधी पोहोचला तो जिंकला, एवढे आपल्याला ठाऊक असते. भीमजयंतीला वस्तीतली मुले स्लो सायकलची शर्यत लावतात तिथे मात्र उलटे असते, शेवटी पोहोचणारा जिंकतो! पण जगात सायकलची अशीही एक अजिंक्यपद स्पर्धा आहे की जिच्यात एकही शर्यत न जिंकता माणूस जगज्जेता होऊ शकतो आणि दोन शर्यती जिंकूनही रिकाम्या हाताने घरी जाऊ शकतो. तिचे नाव ‘ओम्नियम’. हा लॅटिन शब्द आहे. अर्थ ‘सर्वांचा’, म्हणजे सर्व प्रकारच्या शर्यतींचा मिळून एक विजेता.

ही स्पर्धा रस्त्यावर होत नाही. तिच्यासाठी वेलोड्रोम नावाचे खास मैदान लागते. जत्रेतला ‘मौत का कुआँ’ आपण सर्वांनी पाहिला आहे. तो थोडा पसरट करून लांबट गोल केला की वेलोड्रोम तयार होतो. लाकडी फळ्यांची २५० मीटरची धावपट्टी, वळणावर भिंतीसारखी उभी चढलेली. वेग कमी झाला तर सायकल वरून खाली घसरते. सायकलही वेगळी. तिला ब्रेक नाही, गिअर एकच, फ्रीव्हील नाही. चाक फिरते आहे तोवर पाय फिरलेच पाहिजेत. दमलो म्हणून पेडल थांबवून विसावा घेण्याची सोय नाही.

आजच्या ओम्नियममध्ये एकाच दिवसात चार शर्यती होतात. पहिली ‘स्क्रॅच’. पुरुषांना १० किलोमीटर, म्हणजे ४० फेऱ्या, आणि पुढे पोहोचेल तो पहिला. दुसरी ‘टेम्पो’. अंतर तेवढेच, पण सुरुवातीच्या काही फेऱ्यांनंतर प्रत्येक फेरीला पुढे असणाऱ्याला एक गुण. तिसरी ‘एलिमिनेशन’. दर दोन फेऱ्यांनी शेवटचा स्वार बाद, असे करत एकच उरतो. या तिन्हींत पहिल्याला ४० गुण, दुसऱ्याला ३८, तिसऱ्याला ३६ अशी उतरंड आहे. मग येते चौथी, ‘पॉइंट्स रेस’. २५ किलोमीटर, १०० फेऱ्या. दर दहा फेऱ्यांनी पहिल्या चौघांना ५, ३, २, १ असे गुण आणि शेवटच्या वेळी दुप्पट. शिवाय जो सर्व घोळक्याला मागे टाकून एक पूर्ण फेरी पुढे निघून जाईल त्याला एकदम २० गुण, आणि जो फेरीने मागे पडेल त्याचे २० गुण वजा. आधीच्या तीन शर्यतींच्या बेरजेत हे गुण मिळवत जायचे. सगळा हिशेब इथे फिरतो.

कसा फिरतो ते ८ ऑगस्ट २०२४ रोजी दिसले. पॅरिस ऑलिम्पिकच्या त्या शेवटच्या शर्यतीत फ्रान्सचा बेंजामिन थॉमस आघाडीवर होता आणि आपल्याच देशाच्या प्रेक्षकांसमोर तो धावपट्टीवर आपटला. उठला, पुन्हा सायकलवर बसला, आणि सुवर्णपदक घेऊनच खाली उतरला. दुसरा आला पोर्तुगालचा इयुरी लेताओ, २०२३ चा जगज्जेता. लेताओही मोठ्या मनाचा आणि मोठ्या दमाचा खेळाडू. दोनच दिवसांनी त्याने रुई ऑलिव्हेराच्या जोडीने ‘मॅडिसन’ शर्यतीत सुवर्ण मिळवले. अॅथलेटिक्सखेरीज अन्य खेळात पोर्तुगालचे ते पहिलेच ऑलिम्पिक सुवर्ण.

आता मागे जाऊ. जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत पुरुषांची ओम्नियम आली ती २००७ साली, स्पेनच्या पाल्मा शहरात. पहिला विजेता चेक प्रजासत्ताकाचा अलोइस कान्कोव्स्की. तेव्हा पाच शर्यती होत्या : २०० मीटरची धावती चाचणी, ५ किलोमीटर स्क्रॅच, ३ किलोमीटरचा पाठलाग, १५ किलोमीटरची पॉइंट्स रेस आणि एक किलोमीटर घड्याळाविरुद्ध. गुणांची पद्धतही उलटी होती. पहिल्याला एक गुण, दुसऱ्याला दोन, दहाव्याला दहा, आणि ज्याची बेरीज सर्वांत कमी तो विजेता. म्हणजे एका शर्यतीत घसरला की दिवसभराची मेहनत पाण्यात.

२००८ मध्ये न्यूझीलंडचा हेडन गॉडफ्री, २००९ मध्ये ऑस्ट्रेलियाचा ली हॉवर्ड आणि २०१० मध्ये ब्रिटनचा एड क्लॅन्सी जिंकला. २०११ पासून एलिमिनेशन जोडून शर्यती सहा झाल्या आणि स्पर्धा दोन दिवसांची झाली. २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये ओम्नियमला प्रवेश मिळाला, त्यामागचे कारण आपल्या भगिनींनी मुद्दाम लक्षात घेण्यासारखे आहे. २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये ट्रॅक सायकलिंगच्या पुरुषांसाठी सात स्पर्धा होत्या आणि स्त्रियांसाठी फक्त तीन! लंडनला दोघांना समान पाच-पाच करायच्या ठरल्या. जागा करण्यासाठी पुरुषांच्या पाठलाग, पॉइंट्स रेस आणि मॅडिसन या जुन्या, मानाच्या स्पर्धा काढल्या आणि त्यांच्या जागी ही मिश्र स्पर्धा घातली. जुन्या खेळाडूंनी कुरकुर केली, आणि त्यांची हळहळ समजण्यासारखी आहे. पण सात आणि तीन हा हिशेब चालवून घेण्याजोगा नव्हताच. (मॅडिसन पुढे टोकियोला परत आली, तीही स्त्री-पुरुष दोघांसाठी.)

लंडनला डेन्मार्कचा लासे नॉर्मन हान्सेन २७ गुणांवर पहिला आला. फ्रान्सचा ब्रायन कोकार २९ वर दुसरा आणि क्लॅन्सी ३० वर तिसरा. दोन दिवस, सहा शर्यती, आणि पहिल्या-तिसऱ्यात अंतर केवळ तीन गुणांचे. इटलीचा एलिया विवियानी त्या वेळी सहावा राहिला. चार वर्षांनी रिओला शेवटच्या शर्यतीत तोही पडला, उठला आणि सुवर्ण जिंकला.

दरम्यान नियम दोनदा बदलले. २०१४ साली ४०-३८-३६ ची पद्धत आली आणि पॉइंट्स रेस शेवटी गेली, म्हणजे अखेरच्या फेरीपर्यंत निकाल उघडा राहू लागला. रिओ ऑलिम्पिकनंतर घड्याळाविरुद्धच्या तिन्ही शर्यती काढून टाकल्या आणि चारही शर्यती घोळक्याच्या ठेवल्या. हा बदल वरवर किरकोळ वाटतो, पण त्याने विजेत्याची जातकुळीच बदलली. क्लॅन्सीसारखा, एकट्याने घड्याळाशी झुंजणारा गडी मागे पडला आणि गर्दीत वाट काढणारा, कोणाच्या आडोशाने दम राखायचा आणि कधी सुटायचे हे जाणणारा गडी पुढे आला. नव्या नियमांचा पहिला जगज्जेता हाच बेंजामिन थॉमस, हाँगकाँग, २०१७. आमच्या मते बदल प्रेक्षकांसाठी चांगला झाला. पण ‘सर्व प्रकारच्या शर्यतींचा विजेता’ हे नाव मात्र त्या दिवसापासून थोडे खोटे पडले.

विजेत्यांच्या यादीत युरोप, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांचीच दाटी आहे. तिच्यात उठून दिसतो तो कोलंबियाचा फर्नांडो गाविरिया. २०१५ आणि २०१६ असा लागोपाठ दोनदा जगज्जेता, पहिल्या वेळी वय अवघे वीस. या दोन्ही गोष्टींचे आम्हाला फार कौतुक वाटते.

अनेक शर्यतींचे गुण मिळवून एक विजेता ठरवायचा, ही कल्पना मात्र २००७ पेक्षा पुष्कळ जुनी आहे. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सायकलचे अजिंक्यपद असेच ठरे. गावोगावच्या धावपट्ट्यांवर हंगामभर शर्यती व्हायच्या आणि गुणांची बेरीज व्हायची. या पद्धतीत एक मोठी गोम आहे, आणि ती ज्याने भोगली त्याची कथा आपल्या घराघरात सांगितली गेली पाहिजे.

मार्शल टेलर, ‘मेजर’ टेलर या नावाने गाजलेला, १८७८ साली इंडियानापोलिस येथे जन्मला. कृष्णवर्णीय, गरीब कुटुंबातला. १८९४ साली अमेरिकेतील सायकलस्वारांच्या मोठ्या संघटनेने काळ्यांना सभासदत्व बंद केले. (हा ठराव रीतसर मागे घ्यायला त्या संघटनेला १९९९ साल उजाडले!) तरीही टेलर व्यावसायिक शर्यतींत उतरला. १८९७ साली टॉन्टन येथे शर्यत संपल्यावर एका गोऱ्या स्पर्धकाने त्याचा गळा दाबून त्याला बेशुद्ध केले. शिक्षा काय झाली? पन्नास डॉलर दंड. त्याच हंगामात शर्यतींचा ताफा दक्षिणेकडील राज्यांत गेला तेव्हा तिथल्या आयोजकांनी टेलरला धावपट्टीवर उतरूच दिले नाही. शर्यत नाही, तर गुण नाहीत. गुण नाहीत, तर अजिंक्यपद नाही. त्या वर्षीचे अजिंक्यपद एडी बाल्डकडे गेले.

पाणवठ्यावरची बंदी आणि धावपट्टीवरची बंदी यांत फरक तो काय? आपल्याच जिल्ह्यात, महाडच्या चवदार तळ्यावर, २० मार्च १९२७ रोजी जे घडवावे लागले ते का, हे टेलरला वेगळे समजावून सांगावे लागले नसते.

टेलर थांबला नाही. १८९९ साली माँट्रियलला तो एक मैलाच्या शर्यतीत जगज्जेता झाला आणि १९०० साली, जे पद त्याला नाकारले होते ते अमेरिकेचे अजिंक्यपदही त्याने मिळवले. पुढे युरोप गाजवला. पण १९३२ साली शिकागोच्या धर्मादाय वॉर्डात तो दारिद्र्यात मरण पावला आणि बेवारशासारखा पुरला गेला. १९४८ साली जुन्या सायकलपटूंनी त्याचे अवशेष काढून सन्मानाने पुन्हा दफन केले. १९८२ साली त्याच्याच जन्मगावी त्याच्या नावाचा वेलोड्रोम उभा राहिला.

गुणांच्या स्पर्धेत सर्वांत मोठा प्रश्न हा असा आहे : सुरुवातीच्या रेषेपर्यंत कोणाला पोहोचता येते? आणि इथे आपल्या न्हावा शेवा परिसराचा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. आपल्याकडे सायकल ही हौसेची वस्तू कधीच नव्हती. २६ मे १९८९ रोजी बंदर सुरू झाले, तेव्हापासून डबा मागे कॅरिअरला लावून पाळीला जाणारा कामगार या रस्त्यांनी पाहिला आहे. आज त्याच रस्त्यांवर कंटेनरच्या ट्रेलरांची रांग असते आणि सायकलवाला कडेच्या खडीतून जीव मुठीत धरून जातो. १२ जानेवारी २०२४ रोजी मुंबईकडे जाणारा अटल सेतू सुरू झाला, त्यावर दुचाकीला मज्जाव आहे. त्याच दिवशी उरणपर्यंत लोकल धावू लागली आणि न्हावा शेवा नावाचे स्टेशन झाले, ही मात्र कामगारांच्या खऱ्या उपयोगाची गोष्ट. पण पोराला वेगात सायकल मारायची असेल तर त्याने जावे कुठे?

महाराष्ट्राला सायकल शर्यतींचे वेड जुनेच आहे. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट आधी चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात. पण ते रस्त्याचे वेड झाले. ट्रॅकसाठी १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांच्या वेळी उभारलेले पुण्याचे बालेवाडी संकुल आहे. ते आपल्यापासून शंभर किलोमीटरच्या वर. लाकडी धावपट्टीचा वेलोड्रोम दिल्लीत, २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी बांधलेला. तिथे सराव करून अंदमानचा एसो अल्बान २०१८ साली ज्युनिअर जागतिक स्पर्धेत कीरिन प्रकारात रौप्य जिंकला. २०१९ साली तो, रोनाल्डो सिंग आणि रोजित सिंग यांनी ज्युनिअर सांघिक स्प्रिंटचे सुवर्ण आणले. ही पोरे अंदमान आणि मणिपूरची, श्रीमंतांच्या बंगल्यांतली नव्हेत. पण त्यांचे यश कमी अंतराच्या, वेगाच्या शर्यतींतले आहे. ओम्नियम एकट्याने शिकता येत नाही. वीस-बावीस स्वार एकाच धावपट्टीवर, आठवड्यातून अनेकदा, खांद्याला खांदा लावून फिरले तरच ती अंगात मुरते. ऑलिम्पिकमध्ये भारताचे सायकलपटू १९६४ च्या टोकियोनंतर २०२४ पर्यंत दिसलेले नाहीत.

ज्यांच्या घरात पोराला खरोखर गती आहे त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की चांगली ट्रॅक सायकल कामगाराच्या कित्येक महिन्यांच्या पगाराची असते. ती आधी विकत घेऊन बसू नये. प्रथम जिल्हा आणि राज्य स्पर्धांत साध्या सायकलवर वेळ दाखवावा. पुढे रेल्वे आणि सेनादल यांचे राष्ट्रीय पातळीवर सायकलिंगचे संघ आहेत, आणि खेळाडूंच्या कोट्यातून नोकरीची वाट तिथून निघते.

आणि टीव्हीवर किंवा मोबाइलवर कधी ओम्नियम दिसली तर एलिमिनेशन जरूर पाहा. तिच्यात पुढच्या स्वाराकडे पाहू नका, सर्वांत मागे काय चालले आहे ते पाहा. घंटा वाजली की पुढची फेरी बाद करण्याची. रेषेवर निकाल लागतो तो मागच्या चाकावरून. ज्याचे मागचे चाक सर्वांत शेवटी रेषा ओलांडते तो बाहेर, मग त्याचे पुढचे चाक घोळक्यात कितीही आत शिरलेले असो.