फ्रेंच क्रियापद : कानाला एक, कागदावर तीन

आपल्या गटांतल्या काहीजणींच्या मुली अकरावीला फ्रेंच विषय घेतात. घरी मुलगी वहीत भरपूर अक्षरं लिहिते आणि वाचताना निम्मी गाळते. आईला वाटतं, हिला येत नाही, विषय बदलावा. मैत्रिणींनो, घाई करू नका. मुलगी बरोबर वाचते आहे. कसं, ते आज आम्ही सांगतो.

आधी आपली मराठी घेऊ. 'बोलेन' म्हणजे 'बोल' हा धातू आणि 'एन' हा प्रत्यय. आता टाळी देत म्हणा : बो-लेन. अर्थ 'ल'नंतर सुटा होतो, उच्चार मात्र 'ल'च्या आधी तुटतो.

फ्रेंचमध्येही असंच होतं. बोलणे म्हणजे 'पार्ले', त्याचा धातू 'पार्ल'. 'आम्ही बोलतो' याला म्हणतात 'नू पार्लों'. इथे 'पार्ल' धातू आणि 'ओं' प्रत्यय, पण टाळ्या पडतात पार्-लों अशा.

खरी गंमत पुढे आहे. मी, तू, ती आणि त्या, या चौघींसाठी क्रियापद ऐकू येतं एकच : 'पार्ल'. लिहिताना मात्र 'तू'साठी शेवटी 'एस' जोडायचा, 'त्या'साठी 'ई-एन-टी'. ही अक्षरं मुकी असतात. काही शतकांपूर्वी ती उच्चारली जात. पुढे बोलण्यातून झिजली, लिहिण्यात राहिली. आपण नुसतं 'बोलतेस' म्हटलं तरी 'तू' कळतं. फ्रेंचमध्ये 'तू' म्हणावंच लागतं.

'ती बोलते' आणि 'त्या बोलतात', दोन्ही ऐकायला 'एल पार्ल'च! पण क्रियापद स्वराने सुरू झालं की फरक उघड होतो. 'तिला आवडतं' हे होतं ए-लेम. 'त्यांना आवडतं' हे होतं एल्-जेम, त्यातला 'ज' आपल्या 'जोर'मधला. 'त्या'च्या शेवटचा मुका 'एस' पुढच्या स्वराला चिकटून 'ज' होऊन बोलू लागतो.

बाईची खूणही अशीच मुकी. 'तो गेला', 'ती गेली' हा फरक मराठीत क्रियापदातच ऐकू येतो. फ्रेंचमध्ये दोघांसाठी 'आले' असंच म्हणतात. 'ती'साठी शेवटी एक 'ई' जास्त लागतो, तो फक्त कागदावर. लिहायचा राहिला, तर कागदावर 'ती'चा 'तो' होतो आणि परीक्षेत गुण जातात.

म्हणून मुलीला नुसतं पाठ म्हणायला लावू नका, लिहायलाही सांगा. तुम्हाला फ्रेंच येत नसलं तरी अडत नाही. प्रत्येक वाक्यावर बोट ठेवून दोन प्रश्न विचारा : "हे कोण करतंय? त्याची खूण शेवटी कुठे आहे?" मुलगी खूण दाखवेल, नाहीतर तिची चूक तिलाच सापडेल.

ज्यांच्या मुली फ्रेंच शिकतात, त्यांनी आज रात्री हे करून पाहा. कसं जमलं ते गटाच्या बैठकीत सांगा.