मेक्सिकोतला पितरांचा सण

१ आणि २ नोव्हेंबरला गेलेली माणसं घरी भेटायला येतात, अशी मेक्सिकोत श्रद्धा आहे. १ तारीख लेकरांची, २ तारीख मोठ्यांची. घरात फोटो, मेणबत्त्या, मीठ, गोड पाव आणि त्या माणसाच्या आवडीचं जेवण मांडतात. शेजारी पेलाभर पाणी, कारण लांबून येणाऱ्याला तहान लागते. वाट सापडावी म्हणून झेंडूच्या पाकळ्या पसरतात. आपल्या दसऱ्याच्या तोरणातला झेंडू मूळचा तिकडचाच, बरं का!

वाहाका शहराच्या आसपासच्या गावांत कुटुंबं रात्री थडग्यांपाशी जागतात. थडगी धुतात, फुलं वाहतात, बरोबर आणलेलं खातात, गाणी म्हणतात. आपल्यासारख्या प्रवाशांना ती जत्राच वाटते. पण त्या थडग्यात कुणाची आई असते, कुणाचं तान्हं बाळ. काहींचं दुःख तर याच वर्षीचं.

म्हणून जाताना आपण फुलं किंवा मेणबत्ती न्यावी. थडग्यावर पाय देऊ नये. फोटो विचारूनच काढावा. नाही म्हटलं, तर कॅमेरा पिशवीत. कुणी 'बसा' म्हटलं, तर बसावं आणि त्यांच्या माणसाचं नाव विचारावं. त्याची आठवण काढायलाच तर ते जमलेले असतात.

फोटोंची हौस मेक्सिको सिटीतल्या मिरवणुकीत भागते. २०१५ च्या बाँडपटात अशी मिरवणूक दाखवली आणि २०१६ पासून ती खरोखरच निघू लागली. तिथं हवे तेवढे फोटो काढावेत. दफनभूमीत मात्र दुखवट्याच्या घरी जातो तसं, आवाज हलका ठेवून जावं.